आकाशराजेंची जिवंत तलवार

"रगत आलं! रगत आलं!" असा एकच कालवा उठला आणि तात्यासाहेबांच्या हॉलमध्ये मांडी घालून बसलेली गंगापूरची सगळी भावकी धडपडत उभी राहिली. तात्यासाहेबांनी नुकतीच चौरंगावरच्या तलवारीला ओली हळद फासली होती. ती पिवळीधमक हळद सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल होऊन पात्यावरून ओघळत होती.

"ओळखलं! हिनं आपल्या धन्याला ओळखलं!" आकाशराजे गरजले.

'राजे' ही पदवी त्यांची त्यांनीच लावून घेतलेली. छावणीच्या बाजारात त्यांचं जुन्या शस्त्रांचं दुकान होतं. अंगात काळा जोधपुरी, कपाळभर गंध, आणि तोंडात अशी भाषा की रणांगणावरून थेट रिक्षा करून इकडे आले असावेत. "तीन शतकं उपाशी आहे ही," ते डोळे मिटून म्हणाले. "अस्सल सरदाराच्या वंशजानं हळद लावली, तरच तिचं रक्त होतं. ऐऱ्यागैऱ्यानं लावली, तर हळद ती हळदच!"

आता अशी मेख मारून ठेवल्यावर शंका काढणार कोण? ज्यानं तोंड उघडलं, तो ऐरागैरा. लबाडी पुरती शहाणी होती.

"आता घरची शस्त्रं आणा. परीक्षा होऊन जाऊ द्या."

तात्यासाहेबांनी देवघरातली तलवार आणली. सरळ पात्याची, साधी, धारेला दोन खाचा पडलेली. राजांनी तिच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, तात्यासाहेबांनी हळद लावली, सगळे श्वास रोखून बघत राहिले. हळद पिवळीच राहिली.

"मेलेली आहे," राजे थंडपणे म्हणाले. "हिला कुणा बाईचा हात लागतो?"

स्वयंपाकघराच्या दारातून तात्यासाहेबांची बायको, द्वारकाबाई, चाचरत म्हणाल्या, "मीच तेल लावते हो दर दसऱ्याला. लगीन झाल्यापून."

"मग तुम्हीच मारलीत हिला. घराण्याची बरकत त्या हातानं गेली!"

द्वारकाबाईंनी दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. बायकोच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं तात्यासाहेबांना स्पष्ट दिसलं. पण भावकीसमोर नुकतेच सरदार झालेले तात्यासाहेब चकार शब्द बोलले नाहीत.

राजांनी तोवर घरची तलवार लाल फडक्यात गुंडाळायला घेतली होती. 'मृत शस्त्र' घरात ठेवलं तर वंश बुडतो, म्हणून ते गोदावरीत विसर्जन करणार. जिवंत तलवार मात्र घरात राहणार. देणगीचा आकडा आधीच ठरलेला होता.

सून सुरेखा सासूशेजारी चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो लाल रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दर लग्नसराईत हळदीला जाऊन आलेले नवऱ्याचे पांढरे सदरे ती धुवायची. पिवळ्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो. हे घरातली प्रत्येक बाई जाणते. पण हॉलमध्ये बसलेल्या एकाही पुरुषानं जन्मात स्वतःचा सदरा धुतलेला नव्हता. आणि धुणाऱ्या साऱ्या जणींना दाराच्या पलीकडे उभं केलं होतं.

तिनं आणखी एक गोष्ट हेरली. राजांनी आपली तलवार स्वतःच्या झारीतल्या 'तीर्थानं' शिंपडली होती, आणि घरची तलवार घरच्या तांब्यातल्या पाण्यानं.

ट्रे खाली ठेवून ती सरळ हॉलमध्ये शिरली.

"सुरेखा, आत जा!" तात्यासाहेब ओरडले.

"जाते, मामा. आधी आईंची तलवार जिवंत करून जाते."

राजांचा हात पोचायच्या आत तिनं झारी उचलली, फडकं बाजूला सारलं आणि तलवारीवर कलती केली. घरच्या तलवारीवरची पिवळी हळद लाल झाली.

"घ्या, उठली. आता दुसरी." तिनं दारातल्या एकीच्या हातातलं उलथनं घेतलं, हळदीत बुडवलं, त्यावर झारीतले चार थेंब सोडले. तेही लालभडक. "आता ह्या उलथन्याचं सरदार घराणं कोणतं, ते सांगा राजे."

दारातल्या बायका फिस्सकन हसल्या.

"पाप लागेल! तीर्थाची विटंबना..." राजे किंचाळले.

"तीर्थ नाही, धुण्याचा सोडा आहे. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, आणि आंबट लागलं की पुन्हा पिवळी." पूजेच्या ताटातलं लिंबू चिरून तिनं राजांच्या जिवंत तलवारीवर पिळलं. रस लागला तिथलं रक्त मुकाट्यानं हळद झालं.

तिचा नवरा सत्यम वाळूजच्या कारखान्यात कामाला होता. आतापर्यंत वडिलांच्या भीतीनं गप्प होता. त्यानं ते पातं पुसून उजेडात धरलं. "बाबा, ह्या ग्राइंडरच्या रेघा आहेत. हे गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड आहे. ॲसिड लावून गंजवलंय."

तेवढ्यात तात्यासाहेबांचा चुलतभाऊ कारभारी उठला. त्याची तलवार गेल्या दिवाळीत राजांनीच 'मेली' म्हणून विसर्जनाला नेली होती. त्यानं राजांची गचांडी धरली. "माझी कुटं हाय रं? कंच्या घाटावर सोडली? चल, दाव मला!"

"अरे चाचा, छोडो ना! बेच दी... पुण्याच्या पार्टीला दिली!" तीन शतकांची भाषा एका हिसक्यात उतरली. म्हणजे धंदा असा होता: अस्सल मेलेली ठरवायची आणि पळवायची, नकली जिवंत ठरवायची आणि विकायची. पोलिसांना फोन सत्यमनं केला, आणि ते येईपर्यंत कारभारीनं गचांडी सोडली नाही.

"सगळ्यांसमोर घराण्याची इज्जत घालवलीस," तात्यासाहेब सुनेवर डाफरले.

कारभारीनं मात्र विचारलं, "पन पोरी, खरा व्यापारी वळखायचा कसा?"

"वस्तू कुठून आली, आधी कुणाकडे होती, हे कागदावर लिहून सही करतो तो," सुरेखा म्हणाली. "जाणकाराला दाखवतो म्हटलं तर खुशाल न्या म्हणतो. आणि जुन्या वस्तूच्या जोडीनं चमत्कार विकत नाही. काका, ज्याची परीक्षा फक्त त्याच्याच झारीतल्या पाण्यानं होते, त्याला दारातूनच परत पाठवा. तुम्ही सरदाराचे आहात की नाही, हे लोखंडाला विचारायची गरज काय पडली?"

द्वारकाबाई पुढं आल्या. त्यांनी आपली तलवार उचलली, पदरानं पुसली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सोडा काय आन् हळद काय, तुमाला नाय कळलं, मान्य. पन माझ्या हातानं घराची बरकत गेली म्हनला तो, तवा तुमी गप का बसले?"

तात्यासाहेबांनी भावकीकडे पाहिलं. भावकी खाली बघत होती. द्वारकाबाई उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.

वाचकहो, सोड्याचं गुपित एका लिंबात फुटलं. पण एक भामटा घरात येऊन आपल्या माणसाला नासकं ठरवतो आणि आपण मोठेपणापायी ते ऐकून घेतो, तेव्हा फसवणूक एकट्या भामट्याची नसते. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कारासाठी हात जोडण्याआधी प्रश्न विचारा, आणि विचारणाऱ्या बाईला आत जा म्हणू नका.