सावडीचा पंधरावा गडी

आमचा किलकारा क्लब जगात सगळ्यात जुना. नाही म्हणेल त्याला माझ्या घरी चहा नाही. माझ्या सासऱ्याने गाई हाकलून चिखलात हा हर्लिंगचा, म्हणजे काठीने चेंडू टोलवायच्या खेळाचा, क्लब काढला, नि पुढे माझा नवरा कॉन कप्तान झाला.

एका साली निम्मी पोरं बोटीने बोस्टनला गेली. जिल्ह्याची कमिटी म्हणाली, "रविवारच्या सामन्याला पंधरा गडी उभे करा, नाहीतर तुमचा क्लब नॉकब्रॅकच्या क्लबात घालू." नॉकब्रॅक म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. कॉनला तिथलं पाणीसुद्धा चालायचं नाही.

आमचे गडी चौदा. त्यातला मार्टी ठार बहिरा.

शनिवारी कॉनपुढचे बटाटे गार झाले. "डीलिया, बापाचा क्लब माझ्या हातून बुडाला गं."

"बुडतोय कशाला? सावड मागून येते मी."

गवत कापायला आज तुम्ही आमच्याकडे, उद्या आम्ही तुमच्याकडे, तशीच सावड टेकडीवरच्या रिंगणातल्या मंडळींशी. ती माणसं नव्हेत, त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांना हर्लिंगचं भारी वेड, पण एक जिवंत माणूस संघात असल्याशिवाय त्यांची काठी चेंडूला लागतच नाही. कॉनच्या आजोबाला नेलं होतं त्यांनी एकदा. परत आला तो मिशीवर दव घेऊन. ते दव मरेपर्यंत वाळलं नाही.

रिंगणातल्या काटेरी झाडाखाली मी लोण्याचा गोळा ठेवला, पंधरावी जर्सी ठेवली, आणि ठणकावून सांगितलं, "आमचा गडी नेला होतात ना? फेडा आता. उद्या, चर्च सुटल्यावर."

वारा नव्हता, तरी झाड हललं.

रविवारी धुकं असं, की गाई स्वतःचं शेपूट शोधत होत्या. नॉकब्रॅकचा कप्तान पॅकी खिदळला, "काय कॉन, बाकीचे धुक्यात हरवले की बोस्टनात?"

"मोज की लेका," कॉन म्हणाला.

रेफरीने मोजले. पंधरा! कोपऱ्यात एक उंच, सडपातळ गडी, अनवाणी.

"हा कोण रे?" पॅकीने विचारलं.

"बायकोच्या माहेरचा," कॉन म्हणाला.

मग खेळ दिसलाच नाही, नुसता ऐकला. टोक... टोक... लाकडावर लाकूड. चेंडू वर गेला की उतरायलाच विसरायचा. तो अनवाणी गडी पळाला तिथल्या गवताचं पातं वाकलं नाही. बहिऱ्या मार्टीला त्याचा एक टोला ऐकू आला. जन्मात तेवढाच.

गुण कुणालाच मोजता आले नाहीत. पण पंधरा उभे राहिले, क्लब राहिला. धुकं विरलं तेव्हा मैदानात चौदाच होते. जर्सी झाडावर वाळत होती.

पण सावड म्हटली की परतफेड आलीच. आधी त्यांनी आमचा नेला, मग आम्ही त्यांचा आणला, आता पाळी परत आमची.

कॉनचे गुडघे गेले, दात गेले, तेव्हा कुठे बोलावणं आलं. धुक्याची सकाळ, टेकडीवरून टोक... टोक. त्याने भिंतीवरची काठी उतरवली. पोरासारखा हसत होता.

"मोजे घाल," मी म्हटलं. "आणि जेवायला ये."

"सावडीला गेलेला माणूस तिथेच राहतो होय गं?"

गावाने काहीतरी पेटीत घालून पुरलं. त्यांच्या लेखी तो कॉन. आमचा डाव तासाभराचा, त्यांचा जरा लांबतो. धुकं पडलं की मी दोघांचे बटाटे चुलीवर मंद ठेवते. त्याला गार चालत नाहीत.