गुरुवार उपाशी का राहिला

या, पुढे सरका, सतरंजी मोकळी आहे. मानपाड्याची एक गोष्ट सांगतो. ऐकून रिकाम्या पोटी उठणार नाही, हा माझा शब्द.

आमच्या चाळीत दरवर्षी सात दिवस कीर्तन असतं आणि बुवांना रोज एका घरी जेवण. यंदा सात घरं पुढे आली. ज्याने त्याने नाव आणि वार चिठ्ठीवर लिहून बिस्किटाच्या डब्यात टाकलं. सुदेशभाऊंनी डबा उघडून नावं फळ्यावर उतरवली. गुरुवार कोरा राहिला.

“केशरबाईंचं नाव नाही,” कोणीतरी म्हणालं.

“एकटी बाई, दहा बाय दहाची खोली,” सुदेशभाऊ म्हणाले. “नसेल जमलं. गुरुवारी हॉटेलातून मागवू.”

केशरबाई मागेच बसल्या होत्या. बुवांसाठी त्यांनी गावाहून लाल तांदूळ आणवलेले. पिशवी मीच रिक्षातून उतरवली होती. त्या उठल्या आणि दारात चप्पल घालू लागल्या.

सुदेशभाऊंची प्रीती कल्याणला कॉम्प्युटर शिकते. ती डब्यातल्या चिठ्ठ्या मोजत होती.

“पप्पा, चिठ्ठ्या सात आहेत.”

“मग?”

“मग केशरमावशींनी टाकलीय ना! सात घरं, सात वार. एक वार उपाशी, म्हणजे कुठेतरी दोन घरं एकाच वारावर बसलीत. आम्हाला शिकवतात ना, दोघं एका जागी गेले नाहीत तर जोडणी एकास एक. एकही जागा रिकामी नसेल तर आच्छादक. दोन्हीकडे संख्या सारखी असेल, तर एक मोडलं की दुसरं मोडतंच.”

“उद्या कीर्तनाला तूच उभी राहा, बुवांना सुट्टी देतो.”

“राहीन. आधी चिठ्ठ्या वारांप्रमाणे लावा.”

शुक्रवारच्या दोन निघाल्या. एक सुदेशभाऊंची. दुसरीवर वाकड्या अक्षरात, केशर. शुक्रवारी स्वतःचं नाव आधीच लिहून झालेलं, म्हणून भाऊंनी वार बघून, नाव न वाचताच ती डब्यात परत टाकली होती.

“राहू द्या, भाऊ,” केशरबाई दारातून म्हणाल्या. “माझ्या कंपनीला सुट्टी शुक्रवारीच असते, म्हणून लिहिलं.”

भाऊंनी फडकं घेतलं आणि स्वतःचं नाव पुसलं. “गुरुवारी मला हाफ डे मिळतो. तुम्हाला कोण देणार, ताई? आत या.”

शुक्रवारी त्या दहा बाय दहात आम्ही अकरा जण मांडीला मांडी लावून बसलो. बुवांनी लाल भात तीनदा मागून घेतला.

तेव्हा माऊली, यादीत एखादी जागा कोरी दिसली, तर बाहेरून भरायला धावू नका. आधी चिठ्ठ्या मोजा, आणि दारात चप्पल घालणाऱ्या केशरबाईंची आठवण ठेवा.