समोरचं बक्कल

भिंगरी कारखान्यात शिरली ती हातातले चॅप्स टेबलावर आपटतच. टेबलावर नवं चामडं पसरलं होतं आणि वहिनी त्यावर साचा ठेवून वाकली होती. तिने साचा बाजूला सरकवला, खडू कानामागे खोवला आणि वाट पाहत उभी राहिली. नणंदेचा राग आधी पोचतो आणि शब्द मागून येतात, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

चॅप्स म्हणजे घोडेस्वार पँटवरून बांधतात ते चामड्याचं कवच. कमरेला पट्टा, मांडीला घट्ट, पोटरीपाशी सैल. घोडा कुंपणाला घासत गेला तरी चामडं सोलवटतं, मांडी वाचते. टेबलावर आपटलेले चॅप्स वहिनीनेच शिवलेले होते. पट्ट्याचं बक्कल मागे होतं आणि पुढे, बेंबीच्या खाली, दोन्ही बाजू चामड्याच्या एका बारीक वादीने बांधलेल्या होत्या. ती वादी तुटून लोंबत होती.

झालं होतं ते असं. भिंगरी शहराबाहेरच्या पागेत तरणे घोडे शिकवायची. मालकाने त्या दिवशी खरेदीदार बोलावले होते. तिने एक घोडा असा फिरवून दाखवला की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि मग ऐटीत उतरायला गेली तर चॅप्सचा पुढचा भाग खोगिराच्या पुढे वर आलेल्या मुठीत अडकला. वादी तटकन तुटली. चॅप्स घसरून गुडघ्यांवर आले आणि तिला बदकासारखं फेंगडत बाजूला व्हावं लागलं. खरेदीदार हसले, मालक हसला. पागेतला मोतद्दार एरवी घोड्यांशीसुद्धा गंभीरपणे बोलायचा, त्यानेही तोंड फिरवून खांदे हलवले.

हे सांगताना भिंगरीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. नवे चॅप्स कर, ती म्हणाली, आणि समोर वादी नको. समोर बक्कल लाव, मागच्यासारखंच दणकट.

वहिनीचे वडील घोड्यांचं सामान शिवायचे आणि ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. टाका कसा घालायचा हे सांगण्याआधी त्यांनी तिला हे सांगितलं होतं, की चॅप्सची पुढची वादी सुतळीहून मजबूत करायची नाही. घोडा पाठ उसळवतो, स्वार पुढे फेकला जातो, पट्टा मुठीत अडकतो. अशा वेळी वादी तुटली की माणूस सुटतो. नाही तुटली तर माणूस आणि जनावर एकमेकांना बांधले जातात.

"ती तुटण्यासाठीच असते," वहिनी म्हणाली. "आज तुटली म्हणून तू पायांवर उतरलीस."

"आज तुटली म्हणून माझा तमाशा झाला." भिंगरी टेबलाच्या कडेला टेकली. "खरं बोलू का वहिनी? मी घोड्यावरून उतरावं, कायमची, हेच तुला हवंय. माझा खांदा निखळला तेव्हापासून तू दादाच्या कानाशी लागली आहेस. मला कळत नाही असं समजू नकोस."

दादा म्हणजे वहिनीचा नवरा. तो खिडकीपाशी खोगिराच्या सांगाड्यावर खिळे ठोकत होता. ठोकणं थांबलं.

हे खोटं असतं तर वहिनी कडाकडा भांडली असती. पण ते खरं होतं. खांद्याच्या दुखण्यात भिंगरीला अंघोळ तिनेच घातली होती, केस तिनेच विंचरले होते, आणि त्या दिवसांत तिने नवऱ्याला एकदा सोडून दहादा म्हटलं होतं की या पोरीचं हे वेड तुम्हीच थांबवा. चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड तापलं. आता वादीबद्दल आणखी एक शब्द बोलली असती तरी तो त्याच हेतूतून आल्यासारखा वाटला असता.

"बरं," ती म्हणाली. "बक्कल लावते."

भिंगरी गेल्यावर नवऱ्याने खिळे तोंडातून काढले. त्याची अवस्था नेहमीचीच, इकडे आड तिकडे विहीर. गिऱ्हाईक सांगतं तसं शिवावं, तो म्हणाला, घरचं असलं म्हणून काय झालं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

माप द्यायला भिंगरी दुसऱ्या दिवशी आली. वहिनी गुडघे टेकून बसली, टेप मांडीभोवती, गुडघ्याभोवती, पोटरीभोवती फिरली. भिंगरी एरवी माप देताना एका पायावर नाचायची, गुदगुल्या होतात म्हणून तक्रार करायची. आज ती खांबासारखी ताठ उभी होती. कमरेचं माप घेताना वहिनीचा चेहरा तिच्या पोटाशी आला. तिथेच, हाताच्या रुंदीएवढ्या जागेत, ते बक्कल बसणार होतं.

वहिनीने चामडं निवडलं तेही सगळ्यात चांगलं. पाठीच्या भागाचं, घट्ट पोताचं, कुठे जखमेचा वण नाही. डाव्या पायाचा साचा मांडला, खडूने रेष ओढली, साचा उलटा करून उजव्या पायाची ओढली. मग रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, घेतली. दगडावर घासून तिची धार अशी केली होती की अंगठ्याच्या नखावर ठेवली तरी घसरत नव्हती. चामडं कापताना हात थांबवायचा नसतो. थांबला की कडेला दात पडतो. तिचा हात थांबला नाही.

रागात काम बिघडतं म्हणतात, पण तिचं उलट झालं. आरीने पाडलेली भोकं एका ओळीत मुंग्यांसारखी चालली होती, मेण लावलेला दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून ओढला की टाका चामड्यात रुतून बसायचा. समोरचा पट्टा तिने दुहेरी केला. दोन पदर, मध्ये खळ, कडेने टाक्यांची दुहेरी ओळ. एवढा मजबूत करायची गरज नव्हती. पण तिला वाटत होतं, कुणी बोट दाखवायला जागा राहू नये. बक्कल बसवलं, भोकं पाडली, कडा लाकडाने घासून चकचकीत केल्या.

नवऱ्याने चॅप्स उचलून पाहिले. मग घरातली हवा जरा हलकी व्हावी म्हणून त्याने पट्ट्याचं बक्कल लावलं, तो छताच्या कड्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी धरून लोंबकळला. अंगाने तो काही किरकोळ नव्हता. कडं कुरकुरलं, पट्ट्याने हूं की चूं केलं नाही.

"बैल बांधला तरी तुटायचा नाही," तो कौतुकाने म्हणाला.

वहिनीने पट्ट्याकडे हात नेला. तिने तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच भिंगरी दारात उभी राहिली. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. चॅप्स तिथेच बांधून पाहिले, खाली बसली, उठली, पट्ट्यावर थाप मारली आणि म्हणाली, आता कसं. नवी राखाडी घोडी आलीय, तिच्यावरच पहिला फेरा मारते. आणि ते चॅप्स खांद्यावर टाकून ती शीळ घालत गेलीसुद्धा.

वहिनीने दुसरं काम पुढे ओढलं. सुईत दोरा ओवायला गेली तर ओवेना. थुंकी लावली, डोळे बारीक केले, तरी ओवेना. शेवटी तिने सुई टेबलात खुपसली आणि उठली. अंगावरचा कामाचा एप्रन तसाच, खिशात रापी तशीच. कुठे निघालीस, नवऱ्याने विचारलं. येते, एवढंच ती म्हणाली. रस्त्याने ती मनात वाक्य जुळवत होती. हस मला, काय म्हणायचंय ते म्हण, पण ते बक्कल मला काढू दे. वाटेतल्या चढावर तिला धाप लागली, पण ती थांबली नाही.

ती पोचली तेव्हा भिंगरी स्वार झाली होती. रिंगणाला उंच लाकडी कुंपण होतं. राखाडी घोडी आत चालत होती, पण तिचे कान मागे चिकटले होते आणि खोगिराखालची पाठ कमानीसारखी वर आली होती. मोतद्दार फाटकाशी उभा होता. त्याने वहिनीला पाहून बोट ओठांवर ठेवलं.

वहिनीलाही ते कळत होतं. अशा वेळी एक हाक गेली तरी घोडी बिथरेल. तिने कुंपणाची फळी धरली आणि नुसतीच बघत राहिली. घोडी वळून समोर आली तेव्हा भिंगरीची नजर तिच्यावर पडली. वहिनीने स्वतःच्या कमरेला हात लावला, बक्कल सोडल्याची खूण केली. भिंगरीला समजलं, नक्की समजलं, कारण तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिने मान दुसरीकडे वळवली.

घोडी उसळली. पुढचे पाय रोवून मागचा भाग तिने आभाळाकडे फेकला, पुन्हा एकदा, आणि लगेच तिसऱ्यांदा. भिंगरी दोनदा बसून राहिली. तिसऱ्यांदा ती पुढे आपटली, आणि घोडी खाली आली तेव्हा भिंगरी खोगिराच्या मुठीवर घडी पडल्यासारखी वाकलेली होती. पाय रिकिबीतून सुटले होते. ती पडायला हवी होती. ती पडत नव्हती.

आपल्या कुशीशी काहीतरी लोंबतंय म्हटल्यावर घोडीचं भानच हरपलं. ती कुंपणाच्या कडेकडेने पळत सुटली आणि भिंगरी एका अंगाला लटकत तिच्याबरोबर आपटत निघाली. तिच्या तोंडातून ओरडणं येत नव्हतं, प्रत्येक झेपेबरोबर फक्त दम बाहेर पडत होता. वहिनीला ऐकू येत होतं ते तेवढंच. आपण कुंपण कसं ओलांडलं हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

मोतद्दाराने घोडीला फाटकाच्या कोपऱ्यात गाठलं. लगाम धरून तो पूर्ण वजनाने मागे झुकला, घोडी त्याला फरफटत गोल फिरू लागली, आणि त्या फिरत्या घोडीच्या खांद्याशी वहिनी शिरली. पट्टा मुठीवरून ताणला गेला होता, तिच्या हातचा पट्टा, तारेसारखा. तिने रापी त्यावर दाबली. वरचा पदर कापला गेला, खालचा नाही. घोडी हलली, पातं सुटलं. भिंगरीचा चेहरा जांभळा पडत चालला होता, डोळे वहिनीवर होते.

भोक. पट्टा सगळ्यात अशक्त असतो तो भोकापाशी. वहिनीने डाव्या हाताने चाचपून बक्कलाशेजारचं भोक शोधलं, पात्याचं टोक त्यात घातलं आणि सगळा जोर लावला. पट्टा सुटला. पातं त्याच झोकात तिच्या डाव्या तळहातातून आरपार गेलं आणि भिंगरी घोडीच्या पायांशी कोसळली. एक टाप तिच्या मांडीवर पडली. मग मोतद्दाराने घोडीला पलीकडे ओढून नेलं आणि रिंगणात एकदम शांत झालं.

वहिनी मातीत बसली. भिंगरीने एक श्वास आत घेतला. त्याचा आवाज भयंकर होता, पण तो श्वास होता.

दवाखान्यात वहिनीच्या हाताला टाके पडले. डॉक्टर बोटं हलवायला सांगत होते आणि ती दाराकडे बघत होती. भिंगरीच्या बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुसाला मार होता, मांडी काळीनिळी होती पण हाड शाबूत होतं. नवरा धावत आला तेव्हा वहिनी बाकावर बसली होती. मला माहीत होतं, ती त्याला म्हणाली, माहीत असून मी शिवलं. तो तिच्या शेजारी बसला. मी तर त्याला लोंबकळून वर वाहवा केली, तो म्हणाला.

भिंगरीने वहिनीलाच आत बोलावलं. ती उशीला टेकून बसली होती, प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होती.

"तू नाही म्हणायला हवं होतंस."

"म्हटलं होतं."

"एकदाच म्हटलंस," भिंगरी म्हणाली. "तू माझ्याशी साध्या मिठावरून तासभर भांडतेस. आणि यावर एकदा."

वहिनी खुर्चीवर बसली. पट्टी बांधलेला हात तिने मांडीवर ठेवला. हे बोलणं अन्यायाचं होतं आणि खरंही होतं.

"तू त्या दिवशी बोललीस ते खरं होतं," ती म्हणाली. "मला तू घोड्यावर नको आहेस. खांदा निखळला तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून. तू बाहेर पडलीस की घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो. म्हणून मला वाटलं, माझ्या तोंडून वादीचं बोलणं तुला खोटंच वाटणार."

"वाटलंच असतं."

"मग?"

"मग तरी बोलायचं." भिंगरीने डोळे मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. बरगड्यांमुळे तिला रडताही येत नव्हतं. "मी मुठीला अडकले होते तेव्हा मला फक्त तुझा हात दिसत होता. मला वाटलं, ही आता माझ्या पोटातच खुपसणार."

"मलाही वाटलं."

भिंगरी हसायला गेली आणि कळवळली. वहिनीने उठून चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावलं. मग म्हणाली, की बरी झालीस की पागेचं नाव काढायचं नाही. भिंगरी म्हणाली, बरी झाले की त्याच घोडीवर बसणार, ती घोडी वाईट नाही, घाबरट आहे. वहिनी म्हणाली, माझ्या मढ्यावरून जावं लागेल. भिंगरी म्हणाली, जाईन. दोघींचे आवाज वाढत गेले, भिंगरीला ठसका लागला, आणि परिचारिकेने येऊन वहिनीला दंडाला धरून बाहेर काढलं.

नवरा बाकावरून ताडकन उठला. काय म्हणाली, काय झालं, कशी आहे, त्याने एकदमच विचारलं.

"भांडतेय," वहिनी म्हणाली. तिने भिंतीचा आधार घेतला, बाकावर बसली, आणि श्वास जरा जागेवर येताच पुन्हा उठून दाराकडे निघाली. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.