कारण विचारायचं नाही

चौकातल्या पाच मजली दुकानात, चौथ्या मजल्यावर, काचेच्या भांड्यांच्या मागे परत आलेल्या मालाचं काउंटर होतं. तिथे सव्वीस वर्षं एकच बाई बसल्या. गंमत अशी की शहरातली सर्वांत चौकस बाई नेमकी त्या काउंटरवर येऊन बसली होती, जिथे गिऱ्हाइकाला काही विचारायचीच बंदी होती.

लहानपणी घरात त्यांना सगळे 'चौकशी' म्हणत. शेजारच्यांच्या दाराला कुलूप का, पोस्टमन आज उशिरा का, मावशीचे डोळे लाल का, एक गोष्ट म्हणून त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, म्हणायची, "हिने जन्मल्या जन्मल्या सुईणीला विचारलं असेल, एवढा वेळ का लावलास म्हणून!" प्रश्न पोटात राहिला तर बाईंना जेवण जात नसे.

बंदीचा नियम थोरल्या मालकांचा. तेव्हा दुकान म्हणजे एक खोली. बटणं, दोरे आणि थोडीफार भांडी. एक म्हातारी किटली परत घेऊन आली, तर मालकांच्या मेहुण्याने तिची उलटतपासणी सुरू केली. कुठे आपटली, कधी आपटली, झाकण कुठे आहे? म्हातारीने किटली तिथेच ठेवली आणि निघून गेली. मालकांच्या ते मनाला लागलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली : 'वस्तू परत आली की घ्यायची. कारण विचारायचं नाही.' मेहुण्याची रवानगी गोदामात झाली. त्यावरून घरी किती दिवस अबोला चालला, ते मालकीणबाईंनाच ठाऊक.

पण बातमी वाऱ्यासारखी पसरली. परत करता येतं म्हटल्यावर लोक बेधडक विकत घ्यायला लागले. एका खोलीच्या चार झाल्या, चारांचे पाच मजले झाले, पितळी जाळीची लिफ्ट आली, गोल फिरणारं काचेचं दार आलं. त्या दारात शिरून तीन फेऱ्या मारून पुन्हा रस्त्यावर आलेले नवरदेव बाईंनी पाहिले होते. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला आधी दुकान दाखवायला आणत.

लोकांनीही नियमाचा फायदा घ्यायला कमी केलं नाही. सुट्टी संपली की सुटकेसा परत यायच्या, आत वाळू. लग्नसराई संपली की सूट परत यायचे, खिशात कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण. एक टकले गृहस्थ दरवर्षी दुर्बीण न्यायचे आणि बरोबर नवव्या दिवशी आणून द्यायचे. नऊच दिवस का? बाईंनी डोकं खाजवून खाजवून केस पांढरे केले, पण विचारलं नाही. एकदा तर त्यांनी एक रेडिओ परत घेतला. मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, आपल्याकडे रेडिओ विभागच नाही!"

"पण सर, विचारायचं नाही ना," बाई म्हणाल्या.

या सगळ्यांत एक प्रश्न मात्र काट्यासारखा घशात अडकून बसला होता, आणि तो ताईचा होता.

अकरा वर्षांपूर्वी बाईंनी ताईला कोट दिला. गडद हिरवा, लोकरीचा, महिनाभर मनात घोळवून निवडलेला. ताईने तो अंगात घालून आरशासमोर गिरक्या घेतल्या होत्या. पुढे सहा आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, ताई काउंटरसमोर येऊन उभी राहिली. घडी घातलेला कोट तिने पुढे ठेवला.

"हा परत करायचाय," ती म्हणाली.

तिच्यामागे पाच माणसांची रांग होती आणि शेजारी मॅनेजर उभे होते. 'का गं?' अगदी बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण पंधरा वर्षांची सवय ओठांपेक्षा चपळ निघाली. सगळ्यांकडे बघून हसत तशाच त्या हसल्या, चिठ्ठीवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "धन्यवाद, पुन्हा या." सख्ख्या बहिणीला! ताई थोडा वेळ तिथेच थांबली. मग लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरून गेली.

तेव्हापासून ताई तुटक वागायला लागली. कुणाच्या कार्यात भेटली तर "बरी आहे" याच्यापुढे शब्द नाही. बाईंनी मनात किती खल केला! रंग आवडला नसेल? बाही आखूड झाली असेल? भावजी काही बोलले असतील? भावजींची जीभ साऱ्या नात्यात प्रसिद्ध होती. सरळ जाऊन विचारावं, तर वाटायचं, आता सहा महिन्यांनी एका कोटाचं काय विचारायचं? मग वर्ष झालं, मग दोन. बहीण डोळ्यांदेखत हातची जात होती, आणि का, ते माहीत नव्हतं. बाईंना याचं फार वाईट वाटायचं.

इकडे दुकानही बसत चाललं. गाड्या लावायला ऐसपैस जागा असलेली नवी दुकानं शहराबाहेर निघाली, फोनवर बोट टेकवलं की माल घरपोच यायला लागला. आधी पाचवा मजला बंद झाला, मग लिफ्ट. शेवटी धाकट्या मालकांनी, म्हणजे थोरल्यांच्या नातवाने, हात टेकले. महिनाभराचा शेवटचा सेल लागला आणि आजोबांची पाटी उतरवून तिथे छापील कागद चिकटवला गेला : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

बाईंच्या काउंटरला काम उरलं नाही. "बसा तिथेच," मॅनेजर म्हणाले, "आता तुम्हाला कुठे हलवू?"

बाई बसून राहिल्या, आणि भलतंच घडायला लागलं. लोक रिकाम्या हातांनी चौथा मजला चढून यायला लागले. पहिले आले ते दुर्बीणवाले. धापा टाकत म्हणाले, "शहरामागच्या तळ्यावर एका जातीचे पक्षी उतरतात. नऊच दिवस थांबतात हो! दुर्बीण कायमची घेतली तर बायको म्हणणार, बाकीचं वर्ष तिचं काय करायचं? मी दरवर्षी तुम्हाला सगळं सांगायच्या तयारीने यायचो. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मग बारा माणसांचा जेवणाचा सेट परत केलेली एक बाई आली. "तुम्ही विचाराल म्हणून मी रस्ताभर उत्तर जुळवत आले होते," ती म्हणाली. "विचारलं नाहीत तेव्हा सुटले असं वाटलं. घरी गेल्यावर मात्र रडू आलं. कुणीतरी विचारायला हवं होतं."

"काय झालं होतं?" बाईंनी विचारलं. त्या खुर्चीत बसून विचारलेला हा त्यांचा पहिलाच प्रश्न.

"बारा जणांना बोलावलं होतं. एकही जण आला नाही."

ती अर्धा तास बोलत होती. ती गेली तशी बाईंनी पर्स उचलली आणि मॅनेजरांना न सांगता, भरदुपारी, तडक ताईचं घर गाठलं.

दार ताईने उघडलं. पाठोपाठ आतून भावजींचा आवाज आला, "कोण आहे? दार कशाला उघडं टाकलंयस?" ताई बाहेर पायरीवर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"ताई, तू तो कोट का परत केलास?"

ताई बघतच राहिली. "हे आज विचारतेस? अकरा वर्षांनी?"

"हो. आज विचारते."

"कोट छान होता गं," ताई म्हणाली. "मी त्या दिवशी घर सोडून आले होते. खाली दरवानाजवळ बॅग ठेवली होती. तुझ्याकडे राहायला यायचं होतं, पण तसं म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, कोट पुढे केला की आपली 'चौकशी' विचारल्याशिवाय राहायची नाही. 'का गं?' म्हणालीस की सगळं सांगून टाकीन."

बाई पायरीवर बसल्या.

"मग?"

"मग काय? तू शिक्का मारलास. मी बॅग उचलली आणि घरी आले. स्वयंपाकाची वेळ झाली होती."

आतून पुन्हा हाक आली. ताई जागची हलली नाही.

"दुकानाचा नियमच होता गं ताई," बाई म्हणाल्या. "थोरल्या मालकांपासूनचा. कुणालाच..."

"मी काय गिऱ्हाईक होते?" ताईने विचारलं. ती रागावलेली नव्हती. तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तराची वाट बघत ती तिथेच उभी राहिली.