वाट चुकलेले आयन

शिशाच्या आयनांचे दोन झोत समोरासमोर आदळवणाऱ्या त्या यंत्रात टकरी वाढवल्या, की एक चुंबक तापून बंद पडायचा. टकरीच्या जागी जन्मलेला एखादा इलेक्ट्रॉन काही आयनांना चिकटायचा, त्यांची वाट चुकायची आणि ते नेमके त्या चुंबकावर जाऊन आपटायचे. "यंत्राची मर्यादाच आहे ही," म्हणून प्रमुखांनी हात टेकले होते.

झोताची वाट आखणाऱ्या बाईंना मात्र ते पटत नव्हतं.

"सर, आयन वाट चुकणारच. पण आपटायचं कुठे, ते तर आपण ठरवू शकतो ना? पुढे नुसता जोडनळीचा तुकडा आहे. तिथे तापायला चुंबकच नाही."

"आणि अख्खा झोतच नळीच्या भिंतीत घुसला तर?"

"नाही घुसणार. केसभरच वळवतेय मी."

प्रमुखांनी नाइलाजाने मान डोलावली. बाईंनी झोत अलगद सरकवला आणि टकरी वाढवत नेल्या. नेहमीचा आकडा कधीच मागे पडला, दुप्पट झाला, तरी चुंबक थंडगार! बाईंच्या जिवात जीव आला.

"अहो, मर्यादा गेली कुठे?" प्रमुख बघतच राहिले.

"आहे की, थोडी पुढे सरकली," बाई हसल्या. "उद्या तिच्याही मागे लागू."