बटणाखालची अक्षता

सांगा पाहू, भरवसा ठेवायचा तर कुणावर ठेवावा? जो रोज समोरच्या खुर्चीत बसून आपल्यासोबत चहा पितो त्याच्यावर, की जो पेचकस घेऊन महिन्यातून एखाद्या वेळी येतो त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. मी एक कीबोर्ड बोलतोय. लाखभर तरी बोटं अंगावर झेललीत आणि बोटावरून माणूस ओळखायला शिकलोय. तरी हा सवाल माझ्या दुकानात आला तेव्हा मला तोंड नव्हतं.

जन्म माझा तैवानातला. एकशे चार बटणं, अंगाचा रंग ताकासारखा. पहिली नोकरी पुण्याच्या एका पतपेढीत लागली. तिथला कारकून माझ्यावरच डबा उघडायचा आणि मग फुंकर मारून शेव उडवायचा. ती खाली जायची ती कायमचीच. पुढं तिथं नव्या मशिनी आल्या, आमचा लॉट भंगारात निघाला आणि चौसाळ्याच्या संगमेश्वर नावाच्या गृहस्थानं तो उचलला. गव्हाच्या पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून मी बीड जिल्ह्यात आलो.

संगमशेठचं दुकान हायवेला लागून. आधी सायकलचं सामान, मग एसटीडी, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर. जमाना जसा उघडत गेला तशी दुकानाची पाटी बदलत गेली. शिक्षण सातवी नापास. पण पुस्तिका वाचून वाचून माणूस सगळं स्वतः शिकलेला. आणि बोलणं तर असं की गिऱ्हाईक झेरॉक्स विसरून बसून राहायचं. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा शेठ लोकांना सांगायचे, की ही पेटी एसटी कधी येणार ते सांगते. खटाखट माझी चार बटणं दाबायची आणि म्हणायचं, "हे बघा, आलीच." शेठच्या खुर्चीतून चढावरची गाडी दिसायची, गिऱ्हाइकाला दिसायची नाही, एवढीच त्यातली विद्या. माझी जीभ त्यांच्याच हाताखाली तयार झाली. तेव्हा दुकानदारासारखा बोललो तर समजून घ्या.

दोन हजार एक साल असावं. चोरीची विंडोज वापरणाऱ्यांवर धाडी पडतात अशी बोलवा उठली. एका मासिकाबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची तबकडी फुकट आलेली होती, ती शेठनं अल्ताफच्या हातात दिली. अल्ताफ म्हणजे रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरला लागलेला मेकॅनिक. माणूस कमी बोलायचा, आणि बटण दाबायच्या आधी बोट पँटला पुसायचा. असा तोच एक भेटला मला.

त्याच सुमाराला विश्वेश्वर गुरुजी दुकानात आले. रिटायर मास्तर. वीस वर्षं सायकलवर फिरून त्यांनी गावोगावच्या घरांतल्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या होत्या. तलवाड्यात एक कणगीत सापडली, सिरसाळ्यात एक पाळण्याखाली उशीसारखी ठेवलेली. प्रत्येक पोथीची एक चिठ्ठी: कुणाच्या घरात, किती पानं, पहिली ओळ, शेवटची ओळ. जर्मनीतलं एक ग्रंथालय ती यादी छापायला तयार झालं होतं. अट एकच, सगळं रोमन अक्षरांत हवं. आता रोमनमध्ये आपला 'अ' आणि 'आ' वेगळा दाखवायचा तर डोक्यावर आडवी रेघ लागते, 'ण'ला पायाशी टिंब लागतं. असली अक्षरं माझ्या अंगावर छापलेली नाहीत.

अल्ताफनं तीन दिवस डोकं घातलं. आधी पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं आली, मग चौकोन, मग काहीच नाही. शेवटी कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटेल, अशी एक यादी त्यानं लिहून मशिनीत ठेवली आणि माझ्या उजव्या अंगाच्या ऑल्ट बटणाला नवं काम दिलं. ते दाबून धरायचं आणि अक्षर मारायचं, की रेघ डोक्यावर बसलीच. टिंबाचीही तशीच सोय. सात वर्षं ते बटण माझ्या अंगावर रिकामं बसलं होतं. त्या दिवशी ते कामाला लागलं.

टाइप करायला गुरुजींची सून प्रणिता यायची. सासऱ्याला ती मामा म्हणायची. मामा चिठ्ठी वाचायचे, ती मारायची. झालेल्या चिठ्ठ्या गुरुजी ठेवत नसत. त्यांवर देवाची नावं, ओव्या. पायदळी आल्या तर पाप. म्हणून दर अमावास्येला गठ्ठा बांधून मांजरा नदीच्या पाण्यात सोडायचे. अल्ताफ एकदा म्हणाला, गुरुजी, काम संपेस्तोवर राहू द्या की. गुरुजी हसले. मशिनीत आलंय ना, म्हणाले.

ठिपक्यांच्या प्रिंटरवर ती अक्षरं उमटत नव्हती, म्हणून कागद निघाला नाही. अल्ताफनं फ्लॉपीवर नक्कल ठेवली होती. लग्नसराईत पत्रिकांचं काम तुंबलं तेव्हा शेठनं त्याच फ्लॉप्या पुसून वापरल्या. यात त्यांचा काही कावा नव्हता. रिकामी वस्तू पडून राहिलेली त्यांना बघवत नसे, एवढंच.

चौदा महिन्यांत सहाशे पोथ्या झाल्या, चाळीसेक राहिल्या. तोवर गुरुजींच्या पोटाच्या दुखण्याचं नाव कळलं होतं. बीडच्या डॉक्टरांनी प्रणिताला बाजूला घेऊन सांगितलं की संक्रांत बघतील असं वाटत नाही. गुरुजींना न सांगताच समजलं. एक दिवस मधेच वाचायचे थांबले आणि म्हणाले, "प्रणिता, यातल्या निम्म्या पोथ्या आताच वाळवीनं खाल्ल्यात. पण त्या होत्या, एवढं तरी कुठंतरी राहिलं पाहिजे." माझ्यावर बोटं टेकवून तिनं पुढची ओळ विचारली.

मग दसरा आला. शेठ शिवभक्त माणूस. मॉनिटरच्या कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढले, मला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडू, वर अक्षता. नारळ फोडला आणि त्याचं पाणी ओंजळीनं माझ्यावर शिंपडलं. मान मोठा होता, नाही म्हणत नाही. पण ते गोड पाणी कुंकू घेऊन उजव्या ऑल्टच्या फटीत उतरलं आणि एक तांदूळ पाठोपाठ गेला. दोन दिवसांत आत गूळ घोटल्यासारखं झालं. बटण वरून दबल्यासारखं वाटायचं, पण आत काही टेकत नव्हतं.

प्रणितानं रेघ मारली, रेघ आली नाही. बाकी सगळी अक्षरं चोख. त्यावरून शेठनं निकाल दिला की कीबोर्ड धडधाकट आहे, दोष अल्ताफच्या यादीत आहे. त्यांनी भाषा बदलून पाहिली, मशीन बंद-चालू केली, पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. जुन्या मशिनीचा कीबोर्ड लावायला गेले, तर त्याची पिन जाड, इथं बसेना. अल्ताफ तेव्हा बहिणीच्या, समिनाच्या, बाळंतपणासाठी औरंगाबादला. शेठनं फोन लावला. मी शेजारीच पडलेलो, पलीकडचा आवाज मला स्पष्ट यायचा.

"शेठ, उजवी ऑल्ट उचकटून पुसा. न्हाई जमलं तर तसंच राहू द्या, मी शुक्रवारी येतो. तबकडी तेवढी घालू नका."

"कावून?"

"घालू नका म्हणतो ना. समदं जाईल."

शेठनं फोन ठेवला. समोर बंकट नावाचा त्यांचा रोज चहाला येणारा दोस्त. तो म्हणाला, "मेकॅनिकची जात हाय शेठ. एक गाठ मारून ठेवतेत, म्हंजी तुमी पुन्ना बोलवावं." शेठ हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनात बसलं. जो आयुष्यात सगळं स्वतः शिकला त्याला दुसऱ्यासाठी थांबणं अपमानासारखं वाटतं. त्यात दाराशी गुरुजी. रिक्षातून उतरायला त्यांना दोन माणसं लागली होती.

सगळं नव्यानं बसवायला शेठनं तीच लिनक्सची तबकडी घातली. मशिनीनं इंग्रजीत विचारलं, सगळं पुसू का. शेठला वाटलं, दुकान झाडून माल पुन्हा लावतात तसं काहीतरी असेल. 'हो'साठी त्यांनी मलाच दाबलं. माझी सगळी बटणं धड होती, एक सोडून. हे 'हो'चं एक बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं.

सहाशे पोथ्या गेल्या. आणि रेघ तरीही येईना.

गुरुजींना काय सांगायचं? शेठनं सांगितलं की अल्ताफनं बसवलेलंच कच्चं होतं, ते फुटलं. गुरुजींनी खिशातल्या उरलेल्या चाळीस चिठ्ठ्या काढून मोजल्या आणि परत ठेवल्या. बाजारात मात्र अल्ताफनं काम बुडवल्याची बातमी दिवस मावळायच्या आत फिरली.

शुक्रवारी अल्ताफ आला. यादी त्याला पाठ होती, ती लिहून काढली. मग पेचकसानं माझी उजवी ऑल्ट उचलली. आत लाल खपली आणि तिच्यात रुतलेला तांदूळ. त्यानं तो शेठच्या तळहातावर ठेवला. मला पुसलं, बटण बसवलं, बोट पँटला पुसून दाबलं. कोऱ्या पडद्यावर एकच अक्षर आलं, डोक्यावर रेघ घेऊन.

"गुरुजींना तेवढं सांगा, शेठ. मी सांगितलं तर पटायचं न्हाई."

"सांगतो बे. जरा वेळ बघून सांगतो."

वाईट माणूस नव्हता हो शेठ. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घराकडं गेलेही. मी विचारलं नाही, पण परत येऊन स्वतःशीच म्हणाले, "झोपले व्हते." पुढच्या वेळी पाहुणे होते. मार्गशीर्षात गुरुजी गेले. त्या चाळीस चिठ्ठ्या त्यांच्या अस्थींसोबत पाण्यात सोडल्या. मशीन कच्ची बसवून अल्ताफनं आपलं काम बुडवलं, असंच समजून ते गेले.

अल्ताफच्या हाती मग कुणी मशीन देईना. वर्षभरात तो औरंगाबादला निघून गेला. प्रणिता एकदा झेरॉक्सला आली होती. निघताना तिनं माझ्या त्या बटणावरून बोट फिरवलं. शेठनं तोंड उघडलं, आणि सुट्टे पैसे आहेत का विचारलं.

आता मी दुकानाच्या माळ्यावर आहे. वायर गळ्याभोवती गुंडाळलेली, अंगावर धूळ, खाली मोबाईल रिचार्जचं दुकान. बटणं सगळी चालतात. दर दसऱ्याला शेठ नव्या मशिनीची पूजा करतात. कुंकू लांबूनच वाहतात आणि नारळ बाहेर पायरीवर फोडतात. कुणी विचारलं तर म्हणतात, रीत आहे.

एवढं ऐकलंत, तर एक मागतो. तुमच्याकडंही एखादी वही असेल, कागदाची नाहीतर मनातली. तिच्यात ज्याची चूक त्याच्याच नावावर मांडा. आपली असेल तर आपल्या. आणि ज्याला ती वाचून दाखवायची, तो झोपलेला असला तरी उठवून दाखवा.