वजरीची अर्धी घटका

मित्रांनो, तुमच्या घरी आरसा असेल, फणी असेल, उटण्याची वाटी असेल. मी त्यांच्याच गोतातली, पण मान सर्वांत कमी. मी टाचा घासायची वजरी आहे, भाजक्या मातीची, मुठीत मावेल एवढी, आणि आता बरीच जुनी. पायाची वस्तू म्हणून मला घरात कधी नेत नाहीत. न्हाणीच्या दगडाशेजारी एक कोनाडा आहे, तिथेच माझा मुक्काम.

माझा जन्म धनजच्या एका कुंभाराच्या भट्टीत झाला. घडे करून उरलेल्या गोळ्यातून कुंभारणीने मला थापले आणि माती ओली असतानाच बाभळीच्या काट्याने माझ्या पोटावर आडव्याउभ्या रेघा ओढल्या. त्या रेघा म्हणजे माझे दात. मग पन्नास मडक्यांच्या गर्दीत मी भाजून निघाले. एवढी सोबत मला पुढे कधीच मिळाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

माझी मालकीण गोमतीबाई. तिच्या आईने मला घेतले आणि लेकीच्या लग्नात फणी-करंड्याबरोबर दिले. वाशीमला तेव्हा आगगाडी नवी नवी आली होती. गोमतीबाई सासरी आली ती शिरपूरला, भाजीच्या मळ्यात. नवरा जगदेव मोट हाकायचा आणि ती वाफ्यावाफ्यात पाणी वळवायची. दिवसभर पाय चिखलात. पण पहिली दोन-तीन वर्षे ती अंघोळीला रोज अर्धी घटका जास्त घ्यायची. दगडावर निवांत बसून टाचा घासायची. "आता कसं मोकळं वाटते व माय," असे आपल्याशीच म्हणायची. त्या अर्ध्या घटकेत तिच्याजवळ फक्त मी असे. मी फार सुखात होते.

मग हाका सुरू झाल्या. सासू आवडाबाई बाहेरून ओरडायची, "काव गोमते, टाचा कोनाले दाखवाच्या हायेत तुले? पानी सुटलं तिकडे!" जगदेव वाईट माणूस नव्हता, पण वाफा फुटलेला त्यालाही चालत नसे. गोमतीबाई दोन तांबे अंगावर ओतून पळू लागली. पुढे मुले झाली. मग सगळ्यांच्या अंघोळी उरकल्यावर, पाणी उरलेच तर तिची. मी कोनाड्यातून बघत बसायची. माझ्यावर शेवाळ धरले. शेजारच्या तांब्याच्या घंगाळाला दिवाळीला चिंच लावून लख्ख करत, मला कोणी उचलूनही बघत नसे. मी पुष्कळ रुसले, पण रुसवा काढायलाही कोणीतरी लागते.

आवडाबाईला अर्धांगवायू झाला आणि माझे दिवस पालटले. गोमतीबाईने मला राखेने घासून स्वच्छ केले आणि सासूला रोज न्हाणीत आणून, तिचे पाय कोमट पाण्यात ठेवून ती माझ्याकडून काम घेऊ लागली. अशी चार वर्षे गेली. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "सुनेनं पाय पाहा कसे लोन्यावानी ठेवले!" मीही फुशारले, खोटे कशाला बोलू? पण मला धरणारी बाई समोर उकिडवी बसलेली असे आणि तिच्या टाचा माझ्यापासून वीतभरच लांब असत. त्यांत धान्याचा दाणा अडकेल अशा भेगा पडल्या होत्या आणि भेगांत मळ्यातला चिखल भरला होता. सासूचे पाय झाले की ती मला धुऊन जागेवर ठेवायची आणि उठताना भिंतीला धरायची.

एक दिवस सकाळी ती एकटीच दगडावर बसली होती. पाय नुकतेच धुतलेले, निथळत होते. हातात सुईला टोचलेला बिब्बा आणि समोर पेटलेली चिमणी. आमच्या वऱ्हाडात टाचेची भेग बुजवायला बिब्ब्याच्या गरम तेलाचा चटका देतात. पण तो द्यायचा कोरड्या टाचेला. ओल्या, चिरलेल्या कातडीवर बिब्बा उततो, म्हणजे फोड येऊन अंग सोलून निघते. पिंजारी वहाबची बायको नजमुन्निसा त्याच वेळी वांगी घ्यायला आली होती. तिने न्हाणीच्या दारातून पाहिले.

"बाई व, ओल्या भेगेले बिब्बा कायले लावून राह्यली? उतन ना!"

"मंग काय करू आपा? पाय टेकवत नाही."

"गरम पान्यात पाय ठेव. हे वजरी हाय ना, इनं मेलं कातडं काढ. एरंडीचं तेल लाव, अन् चार दिस चिखलात जाऊ नोको."

गोमतीबाई हसली. "चार दिस? मले तं अर्धी घटका भेटत नाही. बिब्बा लावला का लगेच कामाले जाता येते."

नजमुन्निसाने मला उचलून तिच्या हातात दिले. मित्रांनो, किती वर्षांनी मी तिच्यासाठी तिच्या तळहातात होते! तिने माझ्या रेघांवरून अंगठा फिरवला. तेवढ्यात मोटेची चाके कुरकुरू लागली. तिने मला खाली ठेवले, डाव्या टाचेला चटका दिला आणि तशीच मळ्यात गेली.

बिब्बा उतला. फोड फुटले, त्यांत चिखल गेला. पाचव्या दिवशी पाय पोटरीपर्यंत सुजला आणि तिला तापाने शुद्ध राहिली नाही. जगदेवने बैलगाडीत कडबा पसरून तिला वाशीमला नेले, तिथून आगगाडीने अकोल्याच्या दवाखान्यात. नजमुन्निसा सोबत गेली.

दोन महिने मी एकटी होते. मुले मळ्यातच अंघोळ उरकत, न्हाणी कोरडी पडली. खाटेवरून आवडाबाई बोबड्या आवाजात कोणालातरी सांगत होती, "मीच तिले बसू देल्लं नाही व." ऐकायला बहुधा कोणी नव्हते. मी होते, पण माझे ऐकणे कोणाच्या उपयोगाचे?

मग एका दुपारी गाडी दारात थांबली. माझ्या कोनाड्यातून अंगणाचा थोडासाच भाग दिसतो. मला आधी कुबडी दिसली. डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. तिचा जीव तेवढा वाचला.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. दुसऱ्यांचे पाय जरूर धुवा, पण दुखरा पाय आपला असेल तर त्यालाही तेवढ्याच मायेने कोमट पाणी द्या, आणि ते वेळेवर द्या. घरातले कोणी न्हाणीत जरा जास्त बसले, तर दारावरून हाक मारू नका.

आता जगदेव स्वतः पाणी तापवून देतो. गोमतीबाईला घाई नसते. ती उजवी टाच सावकाश, गुळगुळीत होईपर्यंत घासते आणि मग सवयीने मला डावीकडे नेते. तिथे काही नसते. मग ती मला तशीच हातात धरून बसते, घंगाळातले पाणी निवेपर्यंत.